संगीतसूर्य केशवराव भोसले : आपल्या आवाजाचा धनी

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासात ज्यांची नावे आदराने घेतली जातात, त्यांपैकी बहुतेकांना रसिकसेवेसाठी पुरेसे आयुष्य लाभले. केशवराव विठ्ठल भोसले यांना ते लाभले नाही. ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात त्यांचा जन्म झाला आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. अवघी एकतीस वर्षे आणि वर काही आठवडे, एवढाच त्यांच्या जीवनाचा पट. परंतु या अल्प अवधीत त्यांनी बालनट म्हणून नाव मिळवले, वयाच्या अठराव्या वर्षी स्वतःची नाटक मंडळी उभी केली, स्त्रीभूमिका आणि पुरुषभूमिका दोन्ही गाजवल्या आणि ‘संगीतसूर्य’ ही पदवी मिळवली. त्यांच्या चरित्राचे महत्त्व केवळ या यशात नाही. गायक नटाचा आवाज कोणाच्या मालकीचा असतो, या प्रश्नाचे एक उत्तर त्यांनी आपल्या कृतीने दिले. ते उत्तर कळण्यासाठी त्या काळची रंगभूमी आधी ध्यानात घ्यावी लागते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत मराठी नाट्यप्रयोगाचा प्रारंभ केला. परंतु आज ज्याला आपण संगीत नाटक म्हणतो, त्याला आकार आला तो अण्णासाहेब किर्लोस्करांच्या हातून. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि पाठोपाठ ‘सौभद्र’ आले. सूत्रधाराने मागे उभे राहून सर्वांची गाणी म्हणावी, ही जुनी रीत मागे पडली आणि प्रत्येक पात्र आपली पदे आपण गाऊ लागले. युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात त्याच्याशी या प्रकाराचे नाते दूरचेच. कारण ऑपेरात संवादही बहुधा गाण्यातूनच होतो, तर आपल्याकडे गद्य संभाषण आणि पद हातात हात घालून चालतात. परंतु एक गोष्ट दोन्हीकडे समान होती. नाटकाचे भवितव्य गायकाच्या गळ्यावर अवलंबून होते. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने किर्लोस्कर मंडळीला वैभव आणले आणि १९०१ मध्ये ते निवर्तले, तेव्हा ती मंडळी पोरकी झाल्यासारखे रसिकांना वाटले.

त्या काळी या प्रमुख मंडळ्यांच्या रंगमंचावर स्त्रियांना स्थान नव्हते. नायिकेची भूमिका पुरुषानेच करावयाची. त्यामुळे देखणा चेहरा आणि गोड, उंच आवाज असलेल्या लहान मुलांना नाटक मंडळ्यांत मोठी मागणी असे. घरची गरिबी असली म्हणजे अशा मुलाला मंडळीच्या स्वाधीन करणे हा आईबापांना एक मार्ग वाटे. मुलगा मंडळीच्या बिऱ्हाडी राही, तेथेच जेवी, तेथेच गाणे शिके. करार ठरलेल्या वर्षांचा असे आणि तोवर त्या मुलाच्या गळ्यावर हक्क मालकाचा असे. पुढे वयात येताना आवाज फुटला की कित्येकांची सद्दी संपे. मग पडद्याच्या दोऱ्या ओढणे, किरकोळ भूमिका करणे किंवा गावी परत जाणे, एवढेच त्यांच्या हाती उरे.

केशवरावांचे बालपण याच वाटेने गेले. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घरात दारिद्र्य आले. शाळेचे शिक्षण जवळजवळ झालेच नाही. ज्या वयात मुले धुळाक्षरे गिरवतात त्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. मंडळीच्या मुलांत तो एक मुलगा होता. निराळेपण होते ते त्याच्या गळ्यात.

दूरच्या स्वीडन देशातील एका जगप्रसिद्ध गायिकेचे चरित्र या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. जेनी लिंड ही १८२० मध्ये स्टॉकहोम येथे हलाखीच्या घरात जन्मली. तिचा आवाज ऐकून राजाश्रयाच्या नाट्यशाळेने तिला अगदी लहान वयात आपल्याकडे घेतले. तिचे शिक्षण आणि पोषण त्या शाळेने केले आणि मोबदल्यात तिने रंगमंचावर काम केले. १८३८ मध्ये ती ऑपेराची नायिका झाली. परंतु अतिश्रमाने विशीतच तिचा गळा बसला. पॅरिसला जाऊन मॅन्युएल गार्सिया या गुरूपुढे ती उभी राहिली, तेव्हा त्याने प्रथम तिला गाणे बंद ठेवण्यास सांगितले आणि नंतर पहिल्यापासून शिकवले. पुढे बर्लिन, व्हिएन्ना, लंडन या नगरांनी तिला डोक्यावर घेतले. परंतु कीर्तीच्या शिखरावर असताना, १८४९ मध्ये, तिने ऑपेराचा रंगमंच सोडला तो कायमचाच. त्यानंतर ती मैफलींत गायिली आणि अमेरिकेच्या दौऱ्यात मिळालेल्या धनाचा मोठा वाटा तिने दानधर्मास लावला. आपला आवाज कोठे आणि कशासाठी खर्च करावयाचा, हे तिचे तिने ठरवले. केशवरावांनी रंगमंच सोडला नाही. त्यांची वाट निराळी होती. पण प्रश्न तोच होता.

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी एका कोवळ्या मुलीचा विवाह लावण्याचा घाट घातला जातो, हा त्याचा विषय. महाराष्ट्रातील घराघरांत ज्याची झळ पोचली होती, असे ते दुःख होते. स्वदेशहितचिंतक मंडळीच्या प्रयोगांत केशवराव शारदेच्या भूमिकेत उभे राहिले तेव्हा ते स्वतः त्या नायिकेच्याच वयाचे होते. एरवी मोठ्या पुरुषाने लहान मुलीचे सोंग घेतले म्हणजे प्रेक्षकाला काही गोष्टींकडे डोळेझाक करावी लागे. येथे तसे करावे लागत नव्हते. मोठ्यांनी आपल्या भवितव्याचा सौदा मांडला आहे हे जाणवून भेदरलेले मूल रंगमंचावर प्रत्यक्ष उभे होते आणि त्याच्या गाण्याने प्रेक्षागृह स्तब्ध होत होते. ‘शारदा’मधील पदांनी या बालनटाचे नाव सर्वत्र पोचवले. प्रेक्षक ‘वन्समोअर’ देत आणि मुलगा पुन्हा गाई. तिकीटविक्री वाढत होती. मात्र तिचा धनी दुसरा होता.

पुढे केशवरावांनी ती मंडळी सोडली आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ नाटक मंडळीची स्थापना केली. त्या दिवशी त्यांना अठरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. पाठीशी घराणे नव्हते, पदरी विद्या नव्हती, गाठी पैसा नव्हता. भांडवल म्हणावे तर एक गळा होता. त्या गळ्याच्या भरवशावर या तरुणाने पाचपन्नास माणसांचा संसार अंगावर घेतला. स्थापना हुबळीस व्हावी हेही त्या काळास धरूनच होते. धारवाड, हुबळी, बेळगाव या भागांत मराठी नाटकाचा प्रेक्षक मोठा होता आणि कानडी रसिकही मराठी पदे आवडीने ऐकत.

नाटक मंडळी चालवणे म्हणजे नुसते नाटक करणे नव्हे. नट, साथीदार, रंगपटवाले, पडदे सांभाळणारे, आचारी, पाणके अशी माणसांची फौज एका ठिकाणी राहावयाची. पडदे, कपडे, दागिने, वाद्ये, भांडीकुंडी हे सारे सामान पेट्यांत भरून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावयाचे. पावसाळ्यात प्रेक्षक कमी, साथीच्या दिवसांत थिएटर बंद. तरी सर्वांच्या जेवणाची पंगत रोज बसावयाचीच. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. ध्वनिक्षेपक नव्हता. पायपेटी, सारंगी आणि तबला यांच्या साथीवर गायलेले पद शेवटच्या बाकावरील माणसाला शब्दासकट ऐकू जावे लागे आणि तेही पुन्हा पुन्हा. अशा रात्री वर्षानुवर्षे काढावयाच्या तर गळ्याबरोबर छातीही मजबूत असावी लागे.

मंडळ्यांची वाट प्रायः रेल्वेची वाट होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, रुळांपासून बाजूला असलेल्या बऱ्हाणपूर भागातील खकनारसारख्या गावी मोठ्या मंडळीने आपले पडदे आणि पेट्या घेऊन उतरणे सोपे नव्हते. अशा मुलखात नाटकाच्या आधी नाटकाचे गाणे जाई. थिएटरच्या दाराशी विकली जाणारी पदांची पुस्तके, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि कोणा हौशी गवयाचा गळा, या मार्गांनी चाली फिरत राहत. मराठी बोलणारा माणूस राज्याच्या सीमेच्या कोणत्याही बाजूला असो, त्याच्या कानावर नाट्यपद आले ते याच रीतीने.

केशवरावांना उपजत गळा होता. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्वाल्हेर परंपरेतील विख्यात गवई रामकृष्णबुवा वझे यांचा सहवास आणि मार्गदर्शन त्यांना लाभले. वझेबुवांची गायकी जोरकस, पेचदार आणि अनवट रागांची आवड असलेली. केशवरावांच्या तेजस्वी, पल्लेदार आवाजाला ती मानवली. विजेसारखी चमकून जाणारी तान, वरच्या सप्तकातील निर्भय संचार आणि शब्दांचा ठाशीव उच्चार, ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये जाणकार सांगत आले. त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी वडील असलेले नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे गाणे शांत, लडिवाळ आणि लयीत झुलणारे. एकाचे गाणे चांदण्यासारखे मानले, तर दुसऱ्याचे भर दुपारच्या उन्हासारखे होते. ‘संगीतसूर्य’ हे नाव त्यांना शोभले ते त्यामुळेच.

बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली आणि या दोन मंडळ्यांत चढाओढ सुरू झाली. तिच्यातून मराठी रंगभूमीचे हितच झाले. केशवरावांनी ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ ही जुनी नाटके ठेवलीच. परंतु नव्या लेखकांसाठी आपल्या मंडळीचे दार उघडे केले. अमरावतीचे देशभक्त लेखक वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ १९१४ च्या सुमारास ‘ललितकलादर्श’ने रंगभूमीवर आणले आणि त्यातील मृणालिनीची केशवरावांची भूमिका अत्यंत गाजली. भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर यांच्या ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकाने हुंड्याच्या चालीवर प्रहार केला, तर १९१९ मध्ये आलेल्या ‘संन्याशाचा संसार’ने धर्मांतराचा नाजूक प्रश्न हाताळला. पौराणिक आणि काल्पनिक कथानकांची चलती असताना समाजाच्या चालू दुखण्यांवरील नाटके पत्करणे हे धंद्याच्या दृष्टीने धोक्याचे होते. स्वतः शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या या मालकाने तो धोका पत्करला. रंगमंचाची सजावट, भारी पडदे आणि नेपथ्य यांवरही त्यांनी हात न आखडता खर्च केला.

कोल्हापूरला या वेळी छत्रपती शाहू महाराजांच्या रूपाने कलावंतांचा मोठा आधार होता. महाराजांनी १९०२ मध्ये युरोपचा प्रवास केला होता. परत आल्यानंतरच्या काळात त्यांनी खासबागेत कुस्तीचे भव्य मैदान उभारले आणि त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या वर्षांत पॅलेस थिएटर बांधले. मल्ल आणि गवई एकमेकांचे शेजारी झाले. महाराजांच्या इच्छेवरून केशवरावांनी खासबागेच्या खुल्या मैदानात ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला. एरवी तिकिटाच्या दरामुळे थिएटरबाहेर राहणारा कष्टकरी माणूस त्या रात्री हजारोंच्या संख्येने नाटकाला बसला. भिंती नाहीत, छप्पर नाही, ध्वनिक्षेपक नाही आणि तरीही त्या उघड्या आकाशाखाली केशवरावांचा आवाज पोचला. ज्या थरातून ते स्वतः वर आले होते त्या थराला त्यांचे गाणे अशा रीतीने ऐकावयास मिळाले.

यानंतरचा प्रसंग मराठी रंगभूमीच्या इतिहासात चिरस्थायी झाला आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाने महात्मा गांधींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचे आवाहन केले. या कार्यासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र नाटक करावे, असे ठरले. नाटक निवडले ते लोकमान्यांचे निकटचे सहकारी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘मानापमान’. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा ‘संयुक्त मानापमान’ झाला. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत चढला होता. कित्येक कारकुनांच्या महिन्याच्या पगाराहूनही ही रक्कम मोठी होती. तरी थिएटर भरून गेले.

‘मानापमान’ची कथा या प्रसंगी विशेष अर्थपूर्ण ठरते. धैर्यधर हा शूर सेनापती, पण गरीब. श्रीमंत घरात वाढलेली भामिनी त्याच्या दारिद्र्यामुळे त्याचा अपमान करते आणि पुढे वेश पालटून त्याच्याजवळ राहिल्यावर त्याचे खरे मोल ओळखते. कोल्हापूरच्या एका गरीब घरातून पोटासाठी नाटक मंडळीत आलेला मुलगा त्या रात्री धैर्यधर झाला होता. समोर मुंबईचे धनिक बसले होते आणि शेजारी महाराष्ट्राचा सर्वांत लाडका गायक नट उभा होता. दोघेही जीव ओतून गायले. कोणाचे गाणे सरस झाले, यावर रसिकांत पुढे अनेक वर्षे वाद चालला. वादाचा निकाल लागला नाही आणि तो लागावा अशी कोणाची खरी इच्छाही नसावी. उत्पन्न फंडाला मिळाले. चढाओढ धंद्याची होती, पण कार्य देशाचे होते. ज्या आवाजावर एकेकाळी मालकाचा हक्क होता आणि जो केशवरावांनी पुढे स्वतःच्या मालकीचा केला, तो त्यांनी त्या रात्री आपण होऊन देशाला दिला.

त्यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. विषमज्वराने केशवराव अंथरुणाला खिळले आणि ४ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्या ज्वरावर हमखास लागू पडेल असे औषध तेव्हा कोणाजवळच नव्हते. ‘संयुक्त मानापमान’ पाहिलेल्यांना हे वृत्त खरे वाटेना.

केशवरावांच्या मृत्यूबरोबर ‘ललितकलादर्श’चाही शेवट व्हावयास हवा होता, कारण एका गळ्यावर उभी राहिलेली मंडळी तो गळा गेल्यावर टिकत नाही, असा धंद्याचा अनुभव होता. येथे मात्र तसे घडले नाही. मंडळीची सूत्रे व्यंकटेश बळवंत ऊर्फ बापूराव पेंढारकर यांच्याकडे आली. वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ १९२२ मध्ये, अस्पृश्यतेवरील ‘तुरुंगाच्या दारात’ १९२३ मध्ये आणि ‘सोन्याचा कळस’ १९३२ मध्ये याच मंडळीने रंगभूमीवर आणले. केशवरावांनी उघडलेले दार बापूरावांनी बंद होऊ दिले नाही. १९३७ मध्ये बापूराव गेले. केशवरावांच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आतच जन्मलेले त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी १९४२ मध्ये संस्थेला पुन्हा उभारी दिली. ‘दुरितांचे तिमिर जावो’ आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ ही नाटके तिने महाराष्ट्राला दिली. भालचंद्रांनी आणखी एक काम केले. इतरांच्या नाटकांचेही प्रयोग ते टेपवर ध्वनिमुद्रित करून जपत राहिले. २०१५ मध्ये ते निवर्तले तेव्हा अशा ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह त्यांच्या मागे राहिला होता.

कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला स्वातंत्र्यानंतर ‘संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह’ हे नाव मिळाले. अनेक पिढ्यांतील नटांनी तेथे प्रथम तोंडाला रंग लावला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या वास्तूला आग लागली आणि छप्पर, रंगमंच, खुर्च्या भस्मसात झाल्या. दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. जळक्या भिंतींपुढे जमलेल्या कलावंतांना अश्रू आवरले नाहीत. त्यानंतर वास्तू पुन्हा उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. दगड आणि लाकूड यांची भरपाई होऊ शकते. आणि ती व्हावी यासाठी एका शहराने इतका आग्रह धरावा, यातच केशवरावांचे ऋण मान्य झाले आहे.

संगीतसूर्याचा आवाज प्रत्यक्ष कानांनी ऐकलेले कोणी आता उरलेले नाही. पण वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ च्या पहिल्या दिवशी, हुबळीस केशवरावांनी जो निर्णय घेतला, त्याची फळे पुढे शतकभर महाराष्ट्राने चाखली. गळा जाणार हे प्रत्येक गायकाला ठाऊक असते. तो शाबूत असताना त्याच्या बळावर इतरांच्या गळ्यांसाठी घर बांधावे, हे थोड्यांना सुचते आणि त्याहून थोड्यांना साधते. ते ज्यांना साधले त्यांत केशवराव भोसले यांचे नाव अग्रभागी राहील.